थंड गाडीचे उस्ताद

उस्तादांच्या गॅरेजवर गाडी नेऊन लावली की ते आधी माणसाकडे बघायचेच नाहीत. सरळ बॉनेटला तळहात लावायचे, चटका बसला की हात झटकायचे आणि म्हणायचे, "तापलेली हाय. झोपू द्या तिला." एवढं बोलून ते लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसायचे. आपण घाट उतरून आलेलो, तोंडावर धूळ, पोटात कावळे ओरडत असलेले आणि गाडीची तक्रार अजून ओठावरच. पण उस्तादांच्या लेखी त्या दिवसापुरता विषय संपलेला असायचा.

"अहो उस्ताद, तक्रार तर ऐका," असं कुणी म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"सकाळी थंड असताना आवाज करती म्हनता ना? मग तापवून कावून आनली? पेशंट पळत पळत दवाखान्यात आला आन् म्हनतो, डाक्टर, मला चालता येत न्हाई. त्याला काय औषिद द्यावं, तुमीच सांगा."

आता गाडी न चालवता गॅरेजवर आणायची कशी, हा प्रश्न आमच्या भागात कुणालाच सुटलेला नव्हता. म्हणून नियम असा पडला की ज्याच्या इंजिनात सकाळी ठोका वाजतो त्यानं गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावायची. ती रात्रभर तिथे झोपणार आणि सकाळची पहिली किल्ली उस्ताद सांगतील तेव्हाच मारली जाणार. नवीन गाड्या ते घ्यायचे नाहीत. "तिच्या पोटात कंप्युटर हाय, त्यालाच इचारा," म्हणून वाटेला लावायचे. पण पंधरा-वीस वर्षं बालाघाटाचे चढ चढून म्हातारे झालेले ट्रक त्यांच्याकडे लांबून लांबून यायचे. नांदूरघाटहून यायचे, वडवणीहून यायचे. मालक लोक शिव्या देत यायचे, शिव्या देत थांबायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे.

धारूरचा घाट उतरून वडवणीच्या दिशेने लागलं की डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड होतं. पाटी नव्हती. त्यांचं नाव काय, हे मी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. सगळे उस्ताद म्हणायचे म्हणून मीही उस्ताद म्हणायचो. ठेंगणा, काटक माणूस. अंगात ऑईलनं काळाकुट्ट झालेला सदरा आणि डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी. त्या टोपीवर एक डाग मी कधी पाहिला नाही. ट्रकखाली आडवे होऊन चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचे, नट खोलतानाही ती टोपी डोक्यावर असायची आणि बाहेर येताना तशीच पांढरी बाहेर यायची. कशी, ते विचारू नका. आम्ही त्यावर पैजा लावून हरलेलो आहोत.

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे बाभळीचा एक दांडा. हातभर लांब, एक टोक बोथट, दुसऱ्या टोकावर दातांचे खोल व्रण. बाकीचे मिस्त्री मोठा स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकतात. उस्ताद दांड्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचे आणि दुसरं दातांत धरायचे. "कानाला सगळंच ऐकू येतं. कुत्रं भुकलेलं बी ऐकू येतं, बायको बोललेली बी ऐकू येती. दातांना फकस्त इंजिन ऐकू येतं," असा त्यांचा हिशेब होता. यामुळे तपासणी चालू असताना त्यांना बोलता यायचं नाही. मग हातवारे. एक बोट वर म्हणजे आवाज वरचा, टॅपेटचा, घाबरायचं कारण नाही. अंगठा खाली म्हणजे आवाज खालचा, क्रँकच्या बेअरिंगचा, म्हणजे इंजिन खोलायची पाळी. अंगठा खाली गेला की मालक मनातल्या मनात पैसे मोजायला लागायचा.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. शेडच्या मागेच घर होतं. चहा आणून देताना काकू हमखास एखादी तक्रार सोडून जायच्या. "ह्या मानसाला म्हनलं डोकं दुखायलंय, तर इचारतो, उठल्या उठल्या दुखतं का चुलीपुढं बसल्यावर? म्हनलं दोन्ही येळंला दुखतं. तर म्हनतो, मग ते बेअरिंग न्हाई, ते टायमिंग हाय." उस्ताद यावर हसायचे नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचंच नाही.

पण माणसाला खरं रडवणारी गोष्ट पुढेच होती. उस्ताद एका सकाळी एकच प्रश्न विचारायचे. म्हणजे इंजिनाला. सहा सिलेंडरच्या गाडीत ठोका कोणत्या सिलेंडरखाली वाजतो हे शोधायचं तर एकेका सिलेंडरच्या डिझेलच्या नळीचा नट सैल करून बघावं लागतं. ज्याचं डिझेल तोडल्यावर ठोका मऊ होतो, चोर तिथे. दुसरे मिस्त्री पाच मिनिटांत सहाही नट फिरवून मोकळे होतात. उस्तादांचं म्हणणं असं की पहिला नट सैल करून घट्ट करेपर्यंत इंजिन कोमट होतं आणि कोमट इंजिन खोटं बोलतं. थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. तेव्हा आज एक नंबर, उद्या दोन नंबर. नशीब फुटकं असेल आणि चोर सहाव्यात असेल तर सहा दिवस. मालकानं कितीही आदळआपट करावी. "तुमाला घाई हाय तर दुसरीकडं जा. मला घाई न्हाई, आन् गाडीला तर मुळीच न्हाई."

रात्री कुणी गाडी चालू करू नये म्हणून ते झोपायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडात कडुलिंबाचा पाला ठेवायचे. सकाळी पाला जागेवर असेल तरच किल्ली. एकदा नांदूरघाटच्या एका मालकाचा ट्रक उभा होता आणि सकाळी पाला गायब. तो बिचारा देवाशपथ सांगतोय की मी गाडीला हात लावला नाही, आणि त्याच्या डोळ्यांदेखत उस्तादांचीच शेळी शेजारच्या ट्रकच्या सायलेन्सरमधला पाला ओढून खात होती. "उस्ताद, ती बगा, शेळी!" तो ओरडला. उस्तादांनी शेळीकडे बघितलं, ट्रककडे बघितलं. "आत्ता खायली ते दिसतंय. रातच्याला तिनंच खाल्ला ह्याला पुरावा काय?" झालं. तो एक दिवस आणखी राहिला. काकूंनी त्याला दोन्ही वेळा जेवायला घातलं आणि शेळी बांधून ठेवली.

गाडीच्या मालकानं आवाज तोंडानं काढून दाखवावा असाही त्यांचा आग्रह असे. तालुक्याचे एक पुढारी जुनी जीप घेऊन आले होते. कडक इस्त्रीचे कपडे, बरोबर सात-आठ कार्यकर्ते. उस्ताद बाजेवरून म्हणाले, "आवाज काढा."

"कसला आवाज?"

"गाडी काढती तो. तोंडानं."

पुढाऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "टक-टक-टक." मागून एक कार्यकर्ता म्हणाला, "न्हाई सायेब, खट्-खट् असा हाय." दुसरा म्हणाला, "जरा घोगरा हाय, खड्-खड्." तिसऱ्याचं आणखी वेगळंच. पाच मिनिटांत लिंबाखाली सगळी मंडळी माना हलवत वेगवेगळे आवाज काढत होती आणि पुढारी घामाघूम होऊन त्यांना हाताने गप्प करत होते. उस्तादांनी शांतपणे सगळ्यांचं ऐकून घेतलं. "एका गाडीचे आठ आवाज हायत. आधी तुमी एकमत करून या," म्हणाले. जीप नंतर त्यांनीच दुरुस्त केली, पण पुढारी तिकडे पुन्हा स्वतः आल्याचं मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी उस्तादांनी शेड बंद केलं आणि ते काकूंसह लातूरला मुलीकडे राहायला गेले. मध्ये काकूंचा फोन आला होता. बिल्डिंगच्या लिफ्टला दांडा लावून दातांत धरतात, म्हणाल्या. सोसायटीच्या लोकांनी आधी तक्रार केली. मग एकदा लिफ्ट बंद पडली आणि कंपनीचा माणूस यायच्या आत ह्यांनी दोष सांगितला, तेव्हापासून लोक वर जायच्या आधी ह्यांना विचारतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण उस्तादांची आठवण आली की मला लिफ्ट आठवत नाही, मला आठवते ती एक गारठलेली सकाळ. त्या सकाळी माझ्या ड्रायव्हरची अब्रू आणि भाकरी त्या बाभळीच्या दांड्याच्या टोकावर होती आणि ती तिथे मी ठेवली होती.

माझा एकच ट्रक, तोही जुना. सीताफळाच्या हंगामात डोंगरातल्या गावांतून माल गोळा करून बाजारात नेणं हा माझा धंदा. सीताफळ हे फार नाटकी फळ आहे. आज दगडासारखं असतं, उद्या त्याचे डोळे उघडतात आणि परवा ते तुमच्या हातात फुटतं. त्यामुळे गाडी सकाळी वेळेवर निघाली नाही तर सगळंच मुसळ केरात. गाडीवर गोरख होता, अकरा वर्षांपासून. त्याच्या घरी सगळे मेंढरांमागे जाणारे, हा एकटा स्टिअरिंगमागे गेलेला. शांत माणूस, दहा शब्दांचं काम दोन शब्दांत करणारा. मला ते फार सोयीचं वाटायचं.

त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि सकाळी गाडी चालू झाली की इंजिनाच्या पोटातून ठक-ठक असा जड ठोका यायला लागला. घरबसल्या फोनवरही मला तो स्पष्ट ऐकू यायचा. मिनिटभर वाजायचा, गाडी तापली की नाहीसा व्हायचा. दिवस गेले तसा वाढत गेला. मी ही गोष्ट धारूरच्या चहाच्या हॉटेलात काढली, तर एकजण म्हणाला, "ड्रायव्हरनं ऑईल बघितलं नसंल. ऑईलबिगर पळवली की बेअरिंग खाती गाडी." तेवढं माझ्या टाळक्यात बसायला पुरेसं होतं. मला राग यायला वेळ लागत नाही, जायला लागतो. गोरख तिथे आला तसा मी दहा माणसांसमोर त्याला फैलावर घेतलं.

"अकरा वर्सं गाडी दिली तुझ्या हातात आन् इंजिन खाऊन बसलास व्हय रे? ठेव किल्ली!"

"मालक, ऑईल मी रोज बगतो," एवढंच तो म्हणाला. किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

पुढे कळलं की वडवणीच्या एका गाडीमालकाला ड्रायव्हर हवा होता आणि त्यानं गोरखला सोमवारपासून ये म्हटलं होतं. पण लगेच त्याच्या कानावर माझा पराक्रम गेला. कोरड्या इंजिनावर गाडी पळवणाऱ्या ड्रायव्हरला आमच्याकडे कुणी सायकलसुद्धा देत नाही. वडवणीवाला म्हणाला, "गाडी उस्तादाकडं जायली ना? उस्ताद काय म्हनतेत ते बगू, मग ठरवू." म्हणजे उस्तादांनी ऑईलअभावी बेअरिंग गेलं असं म्हटलं की गोरखचा धंदाच संपला. मेंढरांमागे जाणं एवढंच त्याच्या हाती उरणार होतं.

मी स्वतः गाडी चालवत उस्तादांकडे नेली. बॉनेट, चटका, "झोपू द्या तिला," सगळं यथासांग झालं. पहिल्या सकाळी सायलेन्सरमधला पाला तपासून उस्तादांनी दांडा दातांत धरला, एका हातानं मला किल्ली मारायची खूण केली. गाडी चालू झाली. दोन-तीन सेकंद बारीक टकटक झाली आणि थांबली. इंजिन शांतपणे गुरगुरत राहिलं. उस्तादांनी दांडा तोंडातून काढला. "हा आवाज न्हाई. हा म्हातारपनचा खोकला हाय."

दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तेच. तिकडे डोंगरात फळांचे डोळे उघडत होते, मी भाड्याची गाडी लावून धावाधाव करत होतो आणि इकडे माझं इंजिन लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं गुणी वागत होतं.

"उस्ताद, रोज येतो हो आवाज! खोटं कशाला सांगू?"

"रोज सकाळी चालू कोन करतो?"

"डायवर."

"कुठं हाय तो?"

"काढला."

"मग आवाज बी त्याच्यासंगच गेला आसंल," उस्ताद म्हणाले. "बोलवा त्याला. गाडी तीच, ऑईल तेच, थंडी तीच. बदललंय ते फकस्त मानूस."

हे ऐकून मला आधी आनंदच झाला, हे कबूल केलं पाहिजे. म्हणजे दोष गोरखचाच, असं माझ्या मनानं घेतलं. त्याच तोऱ्यात मी त्याच्या वस्तीवर गेलो. त्याची बायको वाघूर लावत होती, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण. गोरख एका कोकराला दूध पाजत बसला होता. एरवी मला बघताच उठायचा, त्या दिवशी उठला नाही.

"उस्तादांनी बोलावलंय. एका सकाळपुरतं," मी म्हणालो.

"कावून? इंजिन तर मीच खाल्लंय ना?"

"तेच बगायचंय."

त्यानं कोकरू खाली ठेवलं. "येतो. तुमच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी येतो."

चौथी सकाळ. धुकं नव्हतं, पण गारठा असा की बोटं वळत नव्हती. उस्ताद गोरखला म्हणाले, "रोज जे करतोस ते कर. एक बी गोष्ट कमी न्हाई आन् एक बी जास्त न्हाई. आमी हितं न्हाईत असं समज." आणि दांडा दातांत धरून इंजिनाशी वाकून उभे राहिले.

गोरखनं आधी गाडीभोवती चक्कर मारली. चारी बाजूंनी टायरवर लाथ मारून बघितली. पाणी बघितलं. मग ऑईलची पट्टी काढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली आणि उजेडाकडे धरून बघितली. उस्तादांनी तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. केबिनमध्ये चढून त्यानं उदबत्ती लावली, हात जोडले, किल्ली मारली. दोन-तीन सेकंद खोकला, मग शांत. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि नंबर लावला.

माझ्या खिशात माझा फोन वाजायला लागला.

मी चटकन बंद केला. उस्ताद दांडा दातांत तसाच ठेवून माझ्याकडे बघून हात हलवायला लागले. उचला, उचला! फोन पुन्हा वाजला. मी कानाला लावला. दहा पावलांवर केबिनमध्ये बसलेला गोरख मला फोनवर म्हणाला, "मालक, गाडी चालू केली."

उस्तादांनी हातानं विचारलं, मग? रोज पुढे काय?

मला ते सगळ्यांसमोर करावंसं वाटत नव्हतं. पण नियम नियम होता. मी फोनमध्ये म्हणालो, "आवाज दे."

गोरखनं फोन धरलेला हात खिडकीतून बॉनेटकडे लांब केला आणि पायाखालचा रेस पार तळाला दाबला. इंजिन किंचाळलं आणि त्याच्या पोटात ठक-ठक-ठक असा ठोका सुरू झाला. मला तो दोनदा ऐकू आला, एकदा समोरून आणि एकदा फोनमधून. ठोका इतका जड की दांड्यावरून दातांनाच जागा कळली; उस्तादांनी झटकन तिथला नट सैल केला, ठोका मऊ झाला, नट घट्ट केला, ठोका परत. अंगठा खाली. मग तीन बोटं वर. तिसरं बेअरिंग.

"बंद कर!" दांडा काढून ते ओरडले. मग हळूहळू माझ्याकडे आले. "हे काय हाय?"

आता सांगणं भागच होतं. पहिल्या वर्षी गोरख एकदा झोपून राहिला होता आणि अर्धी गाडी माल वाया गेला होता. ड्रायव्हर गोधडीतून "निघालो मालक" म्हणतो हे कुणाला माहीत नाही? तेव्हापासून मी पद्धत पाडली. रोज सकाळी गाडी चालू केली की फोन करायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकवायचा. साधा आवाज फोनवर नीट यायचा नाही, म्हणून रेस द्यायची. मला ती माझी मोठी अक्कल वाटत होती. हॉटेलात बसून मी ती छाती फुगवून सांगायचो, आणि धारूरच्या आणखी चार मालकांनी ती उचलली होती.

उस्ताद खाली बसले. कपाळावर हात मारून घेतला. "आता कळलं! ह्या थंडीत बेअरिंगवाल्या चार गाड्या आल्या माझ्याकडं. धारूरच्याच सगळ्या. मी म्हनायलो, ऑईलमधी भेसळ आली. दुकानदाराशी भांडून आलो मी!" मग हातातला दांडा माझ्यावर रोखून म्हणाले, "रातभर ऑईल निथळून खाली येतं, मालक. सकाळी वर चढायला त्याला टाईम लागतो. ते चढायच्या आदीच तुमी कोरड्या बेअरिंगवर तिला पळवायलाव. कशासाठी? तर तुमाला घरी बसून आवाज पायजे!" आणि गोरखकडे वळून, "तुला ठावं न्हवतं का बे?"

"ठावं व्हतं, उस्ताद."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलतं. पैल्याच वर्सी. मालक म्हनले, मला शिकवू नको, आवाज दे."

मला ते अजिबात आठवत नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता हे मला माहीत होतं, आणि आपण बोललेलं आपल्याला आठवतही नाही याचीच मला जास्त लाज वाटली. मी आयुष्यात कुणाची फारशी माफी मागितलेली नाही, त्यामुळे सवय नव्हती. "चुकलं माझं, गोरख," मी म्हणालो. "हॉटेलात बी सांगतो. त्याच मानसांम्होरं." उस्ताद मध्येच म्हणाले, "वडवणीवाल्याला मी सांगतो. डायवर सोन्यासारखा हाय, मालक बदलून बगा म्हनतो." काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

दुपारी चेंबर उघडलं तेव्हा तिसऱ्या बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. "अजून आठ दिस गेले असते तर क्रँक गेला असता," उस्ताद म्हणाले. गोरख ते बेअरिंग हातात घेऊन बघत उभा होता.

मी धीर करून विचारलं, "मग सोमवारी कुठं जानार तू?"

त्यानं हातातलं बेअरिंग पुसून फडक्यावर ठेवलं. "फोनचं काय करनार?"

"बंद. आजपासून बंद. शब्द देतो."

"बंद?" तो जरा घुटमळला. "मग तुमी उठलाव का न्हाई, ते मला कसं कळनार?"

मला वाटलं टोमणा मारतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"मागं तुमाला छातीचं झालतं ना," तो म्हणाला. "पोरं पुन्याला, घरात तुमी एकलेच. तवापासून मी तुमचा आवाज ऐकल्याबिगर गेअर टाकत न्हाई. एक दिस फोन उचलला न्हाई तर मी गाडी तशीच तुमच्या दारात आनली व्हती. तुमी न्हानीत व्हता. शिव्या दिल्या मला, उशीर झाला म्हनून."

तो दिवस मात्र मला आठवत होता. शिव्याही आठवत होत्या. मी चेंबरचे नट मोजायला लागलो.

उस्तादांनी हात पुसले. "फोन चालू ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "रेस तेवढी द्यायची न्हाई. गाडी चालू करायची, फोन लावायचा आन् ऑईल वर चढीस्तवर दोघांनी बोलत बसायचं. इंजिनाला तेवढाच टाईम लागतो."

"काय बोलायचं?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"ते मी कसं सांगू? मी इंजिनाचा मिस्त्री हाय."

सोमवारी सकाळी फोन वाजला. "चालू केली मालक," गोरख म्हणाला. मागे इंजिन हळू, एका लयीत चालत होतं. ठोका नव्हता. मी "बरं" म्हणालो. तो "हां" म्हणाला. अकरा वर्षं रोज सकाळी बोलणारी दोन माणसं आणि बोलायला काही नाही. ऑईल वर चढायला इतका वेळ लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"पोरी कशा हायत रे?" मी शेवटी विचारलं.

"बऱ्या हायत. थोरली धाव्वीला हाय. मधलीला जरा खोकला झालाय."

"मधली?" मी अंथरुणात उठून बसलो. त्याला दोनच मुली आहेत असं मी इतकी वर्षं समजत होतो. "मग धाकटीचं नाव काय?"

त्यानं नाव सांगितलं, आणि मग गेअर टाकला.